शुक्रवारचे दिवे

गुरुवारी टर्की पोटात आणि शुक्रवारी शिडी भिंतीला, हा डार्लाच्या वडिलांचा कायदा होता. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी लाइल सकाळीच शिडीवर चढायचे आणि अंधार पडायच्या आत घराच्या वळचणीला रंगीत दिव्यांची माळ लागलेली असायची. नेब्रास्कातल्या त्यांच्या एवढ्याशा गावात कुणी हौसेपायी आधीच लावायचे, कुणी डिसेंबर उजाडला तरी चालढकल करायचे. लाइलना दोघांचाही सारखाच राग. "आधी लावतो तो उतावळा, मागाहून लावतो तो ऐदी," असं ते म्हणायचे. शुक्रवारी लावतो तो कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

तीन वर्षांपूर्वी डार्लाचा नवरा रसेल याची बदली जर्मनीतल्या अमेरिकन हवाई तळावर झाली. तो हवाई दलात विमानांची इंजिनं दुरुस्त करतो. निघताना लाइलनी ती माळ खोक्यात घालून लेकीच्या हवाली केली. "माझे गुडघे आता शिडीला नको म्हणतात," ते म्हणाले. "तू लाव. पण शुक्रवारी." माळ जुनी, दिवे चांगले अंगठ्याएवढे, लाल, हिरवे, निळे, पिवळे. आताच्या बारीक लुकलुकणाऱ्या माळांशी त्यांचं काही नातं नव्हतं. शिवाय ती अमेरिकेच्या विजेवर चालणारी. जर्मनीतल्या भिंतीत तसाच प्लग खुपसला असता तर सगळे दिवे एका क्षणात जळून गेले असते. म्हणून रसेलने विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर आणला आणि तळघरात भिंतीलगत ठेवला. दिवे लागले की तो घुंघुं करत राहायचा.

भिंतीलगत ठेवला खरा, पण ती भिंत अर्धीच त्यांची होती. घर जोडघर होतं. पलीकडच्या अर्ध्यात हिल्ट्रूडआजी आणि एर्विनआजोबा राहायचे. दोघांचंही आयुष्य त्याच गावात गेलेलं. पहिल्या वर्षी ट्रान्सफॉर्मरची घुंघुं ऐकून आजोबा चौकशीला आले, तळघरात उतरून यंत्राकडे पाहिलं आणि हसत वर आले. "हिल्ट्रूड," त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "अमेरिकनांनी अस्वल पाळलंय. भिंतीत झोपलंय ते."

त्यानंतर दोन्ही घरांमधलं कुंपण नावालाच उरलं. डार्लाचा आठ-नऊ वर्षांचा ओवेन आणि त्याची धाकटी बहीण मेझी दर शुक्रवारी आजींकडे जेवायला जायची. बटाट्याचं सूप आणि त्याबरोबर आलुबुखारचा केक. तिखटामिठाच्या सुपाबरोबर गोड केक खायचा ही त्या डोंगराळ मुलखाची रीत. डार्लाला पहिल्यांदा ऐकून कसंसंच झालं होतं, आता तीही मुलांच्या ताटलीतला तुकडा उचलायची. आजींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं शटर संध्याकाळी नेहमी अर्धवटच खाली यायचं. गावातले बाकी सगळे लोक दिवेलागणीला शटर खटाखट खाली ओढून मोकळे होतात, पण आजी वीतभर फट ठेवायच्या. पोरं घरी आलेली दिसली पाहिजेत, एवढंच.

या वर्षी मार्चमध्ये एर्विनआजोबा गेले. आणि सप्टेंबर सरता सरता, तिकडे नेब्रास्कात, लाइल गेले.

डार्ला विमानाने गेली, दफनाला कशीबशी पोहोचली आणि आठवडा व्हायच्या आत परत आली, कारण मुलांची शाळा होती, रसेलच्या पाळ्या होत्या आणि वडिलांचं घर भावाने आधीच विकायला काढलं होतं. रडायला वेळच झाला नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. ते खरंही होतं, आणि नव्हतंही. विमानात तिला वेळच वेळ होता. शेवटचा फोन तेवढा तिच्या कानात होता. लाइलचा आवाज बारीक झालेला, पण हुकूम तोच.

"शुक्रवारी लावशील ना?"

"लावीन, बाबा. शुक्रवारीच."

ऑक्टोबर तिने असा काही साजरा केला की रसेलच थकून गेला. डोंगरावरची झाडी तांबूस झाली तेव्हा दर रविवारी मुलांना घेऊन चेस्टनट वेचायला. काटेरी फळं बुटाखाली चिरडायची, आतला तपकिरी दाणा काढायचा, बोटं टोचून घ्यायची. आजींनी प्रत्येक दाण्याला चाकूने चीर द्यायला शिकवलं, नाहीतर भाजताना बंदुकीसारखा उडतो. मग द्राक्षाच्या मळ्यांतून नवी, अजून फसफसणारी वाइन आणि कांद्याचा केक. मग भोपळे कोरणं. मग अकरा नोव्हेंबरला मुलांच्या हातात कागदी कंदील देऊन गावभर मिरवणूक. एक संपलं की दुसरं. "जरा बस की गं," रसेल म्हणायचा. "बसून काय करू?" ती विचारायची. बसून काय करायचं हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

थँक्सगिव्हिंगला आजी जेवायला होत्या. त्यांनी टर्की खाल्ली, भोपळ्याच्या गोड पायचा एक घास बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "भोपळा. गोड. असू दे बाई, तुमच्याकडची रीत." मुलं हसली. मग डार्ला रस्सा वाढत असताना आजी तिला सहज म्हणाल्या, "रविवारी चर्चमध्ये एर्विनचं नाव वाचतील."

"हो का? छान," डार्ला म्हणाली आणि ओवेनला सांडलेला रस्सा पुसायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच शिडीवर चढली. वारा बोचरा होता. रसेल कामावर होता, म्हणून ओवेनने शिडी धरली आणि मेझीने दिवे मोजल्यासारखं केलं. संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर सुरू झाला, वळचणीला रंग उजळले आणि ओल्या रस्त्यावर त्यांचे डाग पडले. सगळ्या गल्लीत तेवढाच उजेड होता. "लावले, बाबा," ती इंग्रजीत हळूच म्हणाली. तिला वाटलं होतं की आता काहीतरी होईल, रडू येईल निदान. काही झालं नाही. पाय मात्र गारठले होते.

मेझी आजींकडे सुपाला गेली आणि लगेच परत आली. हातात झाकलेलं पातेलं.

"आजी म्हणाल्या, आज घरीच खा."

"का गं? बरं नाही का त्यांना?"

"बरं आहे. त्या काळ्या कपड्यांना इस्त्री करतायत."

डार्लाने खिडकीतून पाहिलं. आजींच्या स्वयंपाकघराचं शटर खाली येत होतं. वीतभर राहिलं, तिथे क्षणभर थांबलं, आणि मग तेवढी फटही बुजली. तीन वर्षांत तिने हे पाहिलं नव्हतं.

जर्मन माणूस नाराज झाला की दोनच गोष्टी करतो, तोंडावर सांगतो किंवा शटर लावतो. आजींनी दुसरी केली. पहिली करायला समोरचे लेप्लाकाका आले. लेप्लाकाका टपालखात्यातून निवृत्त झालेले, आणि गल्लीत कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर आला तरी सर्वांत आधी त्यांना कळायचं. ते दारातच उभे राहिले, टोपी हातात.

"दिवे चांगले आहेत," ते म्हणाले. "पण आज नाही."

"म्हणजे?"

"परवा मृतांचा रविवार. तो होईपर्यंत नाताळाचा एकही दिवा लावत नाहीत. नाताळाचे बाजारसुद्धा सोमवारीच सुरू होतात. लहान पोराला विचार, तेही सांगेल."

"काका, मागची दोन वर्षं मी याच शुक्रवारी लावले. तेव्हा कुणी काही बोललं नाही."

"मागची दोन वर्षं तुमचा सण रविवार होऊन गेल्यावर आला होता. या वर्षी आधी आलाय. कॅलेंडर काय तुमच्या-आमच्या सोयीने पडतं?" काकांनी टोपी घातली. "दुसऱ्या कुणाच्या घराशेजारी असता तर मी आलोही नसतो. पण नवरा गेल्यानंतरचं त्या बाईचं हे पहिलं वर्ष आहे."

दार लागल्यावर डार्ला संतापली. संताप लेप्लाकाकांवर नव्हता, पण हाताशी तेच होते. "टोपी हातात धरून आले म्हणजे झाली का सभ्यता? माझ्या घरावर मी काय लावायचं हे ते सांगणार?"

रसेल कामावरून येऊन बूट काढत होता. "दोनच दिवस तर आहेत, डार्ला. बंद करू. सोमवारी परत लावू."

"सोमवारी?"

"सोमवारी."

"बाबांनी सोमवार म्हटलं होतं का?"

रसेलने दुसरा बूट काढला, जागेवर ठेवला आणि फार जपून बोलला. "बाबांना कळलं असतं तर त्यांनीच उतरवले असते."

"तुला काय माहीत? तुझा बाप जिवंत आहे." हे बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं, पण दिवे तिने बंद केले नाहीत. लाइलनी आयुष्यात तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. ना कॉलेजच्या मार्कांबद्दल बोलले, ना लष्करातल्या माणसाशी लग्न करण्याबद्दल. मागितलं ते एवढंच, आणि तेही मरताना. ते न पाळणारी लेक कसली? तळघरात अस्वल घुंघुं करत राहिलं.

शनिवारी दुपारी ती आजींकडे गेली. माफी मागायला नव्हे, आपली बाजू सांगायला. वाक्यं तिने जर्मनमध्ये मनातल्या मनात जुळवून ठेवली होती.

स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून आजी बसल्या होत्या. समोर फर झाडाच्या फांद्यांचा ढीग, शेवाळ, देवदारची बोंडं, तार. थंडी पडली की तिकडे थडगी फरच्या फांद्यांनी झाकतात, अंगावर पांघरूण घालावं तशी, आणि वर मधोमध असा एक गुच्छ ठेवतात. आजींची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली. तार वळत नव्हती.

"बस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यामुळे डार्लाची पंचाईत झाली.

"आजी, मला दिव्यांबद्दल सांगायचंय."

"सांग. आधी हे धर."

तिने फांदी धरली. मग तारही तिनेच वळली. मग पक्कडही तिच्याकडेच आली. वाक्यं कुठल्या कुठे गेली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माझ्या वडिलांना मी शब्द दिला होता. शुक्रवारी लावीन म्हणून. मला या रविवारचं माहीत नव्हतं."

"मी सांगितलं होतं की तुला. गुरुवारी. एर्विनचं नाव वाचतील म्हणून."

डार्लाला रस्सा आठवला. आणि आपला 'छान' आठवला. तिचे कान तापले.

"मी ऐकलंच नाही, आजी. ऐकून ऐकलं नाही."

"ते दिसलंच मला. तू गेले दोन महिने काहीच ऐकत नाहीस. नुसती पळतेस." आजींनी एक बोंड उचललं, फुंकर मारून माती उडवली. "मला दिव्यांचा राग नाही, पोरी. तुझे ते रंगीबेरंगी दिवे म्हणजे सर्कस आहे, पण एर्विनला आवडायचे आणि मलाही सवय झाली. मला एवढंच हवं होतं की या दोन दिवसांत रस्ता काळोखा असावा. सोमवारपासून आहेच सगळं. वाइन, गाणी, केक, हसून बोला, छान दिसताय म्हणा, जानेवारीपर्यंत. हा एकच दिवस असा आहे की कुणी आपल्याकडून हसण्याची अपेक्षा करत नाही. तुमच्याकडे नाही का असा एखादा?"

डार्लाने विचार केला. "मे महिन्यात एक असतो. सैनिकांसाठी. झेंडे लावतात. मग सगळे अंगणात मांस भाजतात."

"मांस भाजतात," आजी म्हणाल्या. त्यावर त्यांनी काही मत दिलं नाही.

एर्विनआजोबांचा गुच्छ झाला. आजींनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा, लहानसा, बांधायला घेतला.

"हा कुणाला?"

"नाव काय होतं तुझ्या वडिलांचं?"

"लाइल."

"लाइल," आजींनी म्हणून पाहिलं. "कब्रस्तानात वरच्या अंगाला एक दगड आहे. ज्यांच्या माणसांची थडगी लांब आहेत, किंवा नाहीतच, ते तिथे दिवा ठेवतात. माझा बाप रशियात गेला तो आलाच नाही. मी चालायला लागले तेव्हापासून आई मला दर वर्षी त्या दगडापाशी न्यायची. उद्या तू चल." मग त्यांनी जरा थांबून विचारलं, "त्या दगडावर नावं आमच्या सैनिकांची आहेत हो. चालेल ना तुझ्या वडिलांना?"

"बाबांना गप्पा मारायला कुणीही चालायचं," डार्ला म्हणाली आणि तिने लहान गुच्छाची तार वळायला घेतली.

घरी येऊन ती थेट तळघरात गेली आणि ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबलं. घुंघुं थांबली. ती थांबेपर्यंत आपण ती ऐकत होतो हे तिला कळलंच नव्हतं. एकदम सगळं घर शांत झालं, इतकं की वर मेझी पेन्सिल घासत होती तेही ऐकू येत होतं. डार्ला कपड्यांच्या टोपलीवर बसली आणि सप्टेंबरपासून राहिलेलं सगळं रडली. रसेल जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आला, तिथेच थोडा वेळ उभा राहिला आणि मुलांना घेऊन बाहेर फिरायला गेला.

रविवारी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली गेली, प्रत्येक नावाला एक मेणबत्ती. एर्विनआजोबांचं नाव आलं तेव्हा आजी ताठ बसून राहिल्या, फक्त त्यांनी मेझीचा हात घट्ट धरला. मग सगळं गाव कब्रस्तानात. लाल काचेतले दिवे थडग्याथडग्यावर. वरच्या अंगाला त्या दगडापाशी डार्लाने लहान गुच्छ ठेवला आणि दिवा लावला. गणवेशात नसला तरी रसेल तिथे जरा अवघडून उभा होता. लेप्लाकाका त्याच्याजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी खिशातून काड्यापेटी काढून दिली, कारण शेजारचा एक दिवा वाऱ्याने विझला होता. हसून बोलायची कुणाचीच अपेक्षा नव्हती, आणि डार्लाला आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं इतकं बरं वाटलं.

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांच्याच सोयीचं झालं असतं. सोमवारी सगळ्या गावाने दिवे लावले. खिडक्यांत दिव्यांच्या लाकडी कमानी, दारांवर तारे, लेप्लाकाकांच्या बाल्कनीत शिडीवर चढणारा सांताक्लॉज, जो कुठल्याही अमेरिकन सर्कशीत खपून गेला असता. अंधारात राहिलं ते एकच घर.

"आता तर लावू या," ओवेन म्हणाला.

"बघू."

मंगळवारीही बघू झालं. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी टेबलावरच्या फरच्या हिरव्या कड्यात एक मेणबत्ती लागली, पुढच्या रविवारी दुसरी. तिथल्या रीतीप्रमाणे एका रात्री मुलांनी बूट पुसून दाराबाहेर ठेवले आणि सकाळी त्यात अक्रोड आणि संत्री मिळाली. डार्लाने केक केले, बिस्किटं केली, सगळं केलं. माळ तशीच वळचणीला लटकत होती, दिवसा तर फारच केविलवाणी दिसायची. रसेलने एकदा तळघराच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. "हात लावू नकोस," ती म्हणाली. तेवढ्या एका गोष्टीला ती हात लावू देईना.

कारण तिच्या मनाने हिशेब पक्का केला होता. शुक्रवारी लावले आणि शनिवारी विझवले. शब्द मोडला. आता कुठल्यातरी बुधवारी बटण दाबायचं म्हणजे बाबांच्या डोळ्यांत धूळ फेकायची. ते ऐदी म्हणाले असते. विझवले त्याचा तिला पश्चात्ताप नव्हता, पुन्हा तशी वेळ आली तर तिने पुन्हा विझवले असते. पण मोडलं ते मोडलं. आणि खरं सांगायचं तर, अंधाराची तिला आता सवय होत चालली होती. संध्याकाळी दिवा न लावता ती खुर्चीत बसून राहायची. पूर्वी ती बसत नव्हती म्हणून रसेलला काळजी होती, आता बसून उठत नाही म्हणून.

"आई, लाइलआजोबांना दिवे आवडत नव्हते का?" मेझीने एकदा विचारलं.

"फार आवडायचे."

"मग?"

लेकराच्या 'मग'ला उत्तर नसतं तेव्हा माणूस जेवायची वेळ झाली म्हणतो. तिने तेच केलं.

शाळेला सुट्टी लागली. नाताळ तीन दिवसांवर आला. संध्याकाळी दार वाजलं. दारात हिल्ट्रूडआजी, अंगात कोट, हातात सुपाचं मोठं पातेलं, मागे केक घेऊन मेझी. एरवी मुलं त्यांच्याकडे जायची, त्या पातेलं घेऊन कधी आल्या नव्हत्या. पातेलं त्यांनी शेगडीवर ठेवलं, झाकण नीट केलं आणि कोट न काढताच म्हणाल्या, "ते यंत्र कुठे असतं?"

"कुठलं यंत्र?"

"एर्विनचं अस्वल."

"तळघरात. का?"

"चालू कर."

डार्ला उभीच राहिली. "आजी, तुम्हीच तर..."

"मी एक दिवस मागितला होता. महिना नव्हता मागितला." त्या खुर्चीवर टेकल्या. "मेलेल्यांचा एक दिवस असतो, पोरी. त्यांना एवढा पुरतो. माझ्या आईने बापाची वाट पाहत आयुष्यभर घर काळोखात ठेवलं, नाताळला आमच्याकडे झाड नसायचं. मला माहीत आहे ते पोरांना कसं लागतं."

"पण मी शब्द मोडला. शुक्रवार होता त्यांचा. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार."

"मग आज कोण आहे?"

डार्लाने सुपाच्या पातेल्याकडे पाहिलं. बटाट्याचं सूप. मुलांना सुट्टी लागल्यापासून तिचं वारांचं भानच सुटलं होतं.

"शुक्रवार," ओवेन म्हणाला.

"आणि तुमचा तो सण होऊन गेलाय की व्हायचाय? मी गोड भोपळा खाल्लाय, मला आठवतंय चांगलं." आजी अजिबात हसल्या नाहीत. "सणानंतरचाच शुक्रवार आहे. जरा उशिराचा आहे. त्या माणसाला मुलगी होती, शेजारीण होती, शेजारणीचा नवरा मेला होता. एवढं समजलं नसतं का त्याला?"

डार्लाला लाइल दिसले. शेजारच्या ऑगस्टाबाईंचा मुलगा गेला त्या वर्षी शिडी धरून अंगणात उभे असलेले, त्यांच्या अंधाऱ्या खिडकीकडे बघत. त्या वर्षी दिवे कधी लागले होते? तिने कितीही आठवलं तरी आठवेना. लहान होती ती. शुक्रवारी लागले नव्हते एवढंच तिला आता, इतक्या वर्षांनी, जवळजवळ खात्रीने वाटत होतं.

"आणखी एक आहे," आजी म्हणाल्या. या वेळी त्या टेबलावरच्या कपड्याची घडी नीट करत होत्या, वर पाहत नव्हत्या. "त्या शुक्रवारी मी तुमच्यावर चिडून निजायला गेले. भिंतीतून ते घुंघुं येत होतं. एर्विन बावन्न वर्षं त्या बाजूला घोरत होता. मार्चपासून ती भिंत गप्प आहे. त्या रात्री मी चिडलेली होते आणि मला सकाळपर्यंत झोप लागली. शनिवारी तू बंद केलंस. माझ्यासाठीच केलंस, मी काय बोलणार? पण तेव्हापासून वाट बघतेय की आता लावेल, मग लावेल."

रसेलने उगाचच सुपाचं झाकण उचलून परत ठेवलं.

डार्ला आजींना हात देऊन तळघरात घेऊन गेली. पायऱ्या अरुंद होत्या, आजी एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरल्या. बटण डार्लाने दाबलं. यंत्र क्षणभर गप्प राहिलं आणि मग घुंघुं सुरू झाली. वर अंगणात मुलांचा गलका उठला. आजींनी भिंतीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

"एवढ्या मोठ्याने नव्हता घोरत," शेवटी त्या म्हणाल्या. "पण चालेल."

बाहेर येऊन सगळे वर बघत राहिले. लाल, हिरवे, पिवळे. कोपऱ्यावरचा एक निळा दिवा लागला नव्हता. महिनाभर वाऱ्यात लोंबकळून सैल झाला असणार. रसेल पुढे होणार होता, पण डार्लाने त्याला थांबवलं आणि शिडी स्वतःच आणली. शिडी भिंतीला लागली तशा आजी पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या वाकड्या बोटांनी ती दोन्ही बाजूंनी धरली. रसेलने त्यांच्या मागे उभं राहून, त्यांना कळू न देता, वरची दांडी पकडली.

"बाबा मला ऐदी म्हणाले असते," डार्ला वरून म्हणाली.

"म्हणू दे. मला एर्विन आयुष्यभर म्हणत होता," आजी म्हणाल्या. "सावकाश कर. सूप गरम आहे."

तिने दिवा पिळला. पलीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं शटर आज वीतभर नव्हे, पुरतं वर होतं, आणि त्या काचेत निळा दिवा लागलेला तिला आधी दिसला.